मदत हवी आहे: गिर्यारोहणाचे हलके बूट आतून ओले होतात, काय करू?

नमस्कार मंडळी,

माझे बर्फावर चालायचे बूट हलक्या प्रकारातले आहेत. वर जाड कापड, चवड्याला आणि टाचेला थोडं स्वेड (मखमली पोताचं चामडं), कडेने रबरी पट्टा, आत पाणी अडवणारं गोअरटेक्सचं अस्तर. हा तिसरा हंगाम. पहिले दोन हंगाम पाय खडखडीत कोरडे राहिले. यंदा मात्र उन्हं वर येऊन बर्फ भुसभुशीत झाला की तीन-चार तासांत मोजे ओले. उजवा पाय जास्त, डावा कमी. बूट रात्री तसेच राहिले तर सकाळी लाकूड झालेले असतात.

आतापर्यंत केलेले उद्योग (हसू नका): कपड्यांच्या साबणपावडरीने धुतले, शेगडीजवळ वाळवले आणि चामड्याच्या जुन्या बुटांसाठीचं मेण कापडासकट सगळीकडे चोपडलं. आता बाहेरून पाणी छान ओघळून जातं, पण पाय आधीपेक्षा जास्त ओले! हे कसं काय? नवे घ्यायच्या आधी हेच वाचवता आले तर बघायचंय. शिवणींना काही लावावं का?

प्रतिसाद १

मेणानेच घात केलाय. गोअरटेक्स म्हणजे ताणलेल्या प्लास्टिकचा पापुद्रा. तो थेंब अडवतो, वाफ जाऊ देतो. पण ती वाफ पुढे वरच्या कापडातूनच बाहेर पडणार ना? कापड मेणाने लिंपलं काय किंवा पाण्याने चिंब झालं काय, वाफ कोंडते आणि घामानेच मोजे भिजतात. साबणपावडरही वाईट. तिचा अंश कापडात राहतो आणि उलट पाणी ओढून घेतो. कंपनीने कापडावर दिलेला पाणी झटकणारा थर तसाही वापराने झिजतोच.

म्हणून आधी पाणी कुठलं ते ठरवा. पातळ मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर जाड मोजा, असं घालून ओल्या बर्फात चाला. पिशवीच्या आत ओल येणारच, ती घामाची. बघायचा तो बाहेरचा मोजा. तो कोरडा निघाला तर बूट गळत नाही. ओला झाला तर गळतोय.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण उजवाच पाय जास्त ओला होतो म्हणजे मला भोकाचा संशय आहे. चालताना एका पायाच्या क्रॅम्पॉनचे (बर्फासाठी बुटाखाली बांधतो त्या दातेरी सांगाड्याचे) दात दुसऱ्या बुटाला लागतात, म्हणून आतली बाजू घोट्यापर्यंत नीट तपासा. मग चवड्याची घडी पडते ती जागा. तिथे अडकलेली बारीक खडी पावलागणिक कानशीसारखी घासते.

अजून एक. बुटाची जीभ (नाड्यांखालची पट्टी) दोन्ही बाजूंनी कुठपर्यंत शिवलीय ते पाहा. तिच्या वर बर्फ गेला तर जगातलं कुठलंही अस्तर कामाचं नाही, गेटरच (बुटाचं तोंड झाकणारं पोटरीवरचं आवरण) हवा.

धागाकर्ती

पिशवीचा प्रयोग केला. डावा बाहेरचा मोजा कोरडा! उजवा पंजापाशी ओला. पण चीर सापडली ती घोट्याच्या आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी. मग ओल पुढे कशी?

प्रतिसाद २

कापड आणि अस्तर यांच्या मधून पाणी उतरतं आणि अस्तर जिथे फाटलं किंवा झिजलं असेल तिथे आत शिरतं. त्यामुळे आतली ओली जागा आणि बाहेरचं भोक समोरासमोर असेलच असं नाही. चीर स्वच्छ करून, पूर्ण वाळवून शिवणींचा पॉलीयुरेथेन गोंद भरा. उसवायला आलेल्या बाहेरच्या शिवणीवरही त्याचीच बारीक रेघ ओढा, सरसकट थापू नका. अस्तरच फाटलं असेल तर याने गळती फक्त कमी होईल. रात्री गोठतं अशा चढाईवर मग तो बूट नेऊ नका. ओल्या पायांना हिमदंश लवकर होतो.

प्रतिसाद १

डाव्याचं सोपं आहे. नाड्या आणि आतला तळवा काढा. कोमट पाणी, मऊ ब्रश आणि बुटांसाठीच मिळणारा क्लीनर घेऊन तीन-चारदा घासा. सगळं मेण निघणार नाही, निघेल तेवढं काढा. मग पाणी झटकणारा थर पुन्हा देणारा, कापड आणि स्वेड दोन्हींना चालणारा, पाण्यात केलेला फवारा मारा. हे फवारे बहुतेक ओलसर बुटावरच मारायचे असतात, तरी डब्यावरची सूचना वाचा. वाळवताना आत वर्तमानपत्र कोंबा, ओलं झालं की बदला, बूट सावलीत वाऱ्यावर ठेवा. शेगडी नकोच. उष्णतेने गोंद सुटतो आणि आधी रबरी पट्टाच उचकटतो. तुमचा उचकटलाय का ते बघून घ्या.

धागाकर्ती

पाहिला. उजव्याचा पुढून नखभर सुटलाय, शेगडीची कृपा! म्हणजे पंजाच्या ओलीचा तोही एक संशयित. त्याला हाच गोंद चालेल, की रबर चिकटवायचा वेगळा लागतो? तोवर मेण काढत बसलेय, दोन टूथब्रश शहीद झाले.