वय नव्हे, बुंधा पाहावा

कुंडीत दहा वर्षे टिकलेले झाड म्हणजे बोन्साय, हे मत मला मान्य नाही. बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत मोठ्या वृक्षाचा आभास देईल असे घडवलेले छोटे झाड. केवळ वयाने फार तर कुंडीतले जुने झाड मिळते. जाणकार माणूस प्रथम मातीलगत पाहतो: मुळे बुंध्याभोवती चहूबाजूंनी पसरून जमीन धरताना दिसतात का, बुंधा तळाशी जाड असून शेंड्याकडे क्रमाने निमुळता होत जातो का, आणि फांद्या वळवण्यासाठी गुंडाळलेल्या तारेचे वळ त्यांवर राहिलेले नाहीत ना. नर्सरीत बोन्साय म्हणून विकले जाणारे, फुगीर मुळांवर कलम केलेले फायकस (वड-उंबराच्या वर्गातले झाड) या पहिल्याच कसोटीवर बहुधा बाद होते, कारण त्याची मुळे रताळ्यासारखी सुजलेली असतात आणि वरच्या फांद्यांशी त्यांचे प्रमाण जुळत नाही.

दुसरा मुद्दा झाडाच्या जातीच्या निवडीचा आहे. छाटणीने आणि उथळ कुंडीने पाने लहान होतात, फळे मात्र सहसा होत नाहीत. त्यामुळे हातभर उंबरावर पूर्ण आकाराची फळे लगडली की मोठ्या वृक्षाचा आभास तिथेच मोडतो. चिंचेची मुळातच बारीक पाने तो आभास सहज टिकवतात, शिवाय सोलापूरचे ऊनही चिंच सोसते. मात्र आपल्याकडची काळी माती उथळ कुंडीत भरू नये, कारण ओली असताना ती मुळांना हवा मिळू देत नाही आणि एप्रिलात वाळून भेगाळताना बारीक मुळे तोडते. मी विटांचा चुरा, चाळलेली जाड वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत वापरतो. अशा कुंडीला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावेच लागते.