मदत हवी आहे: घरी केलेल्या व्हेप लिक्विडची चव तीन आठवड्यांत जाते कुठे?

नमस्कार मंडळी,

विषय आडवळणाचा आहे, पण इथे रसायनवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय. मी लेस्टरला राहतो, इथे हे कायदेशीर आहे. चौदा वर्षं सिगरेट ओढली, ती सुटावी म्हणून व्हेपकडे, म्हणजे ई-सिगरेटकडे वळलो. 'कशाला ओढता' हे आई दर रविवारी फोनवर विचारते, त्यामुळे तो प्रश्न इथे नको.

1 जून 2025 ला ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या व्हेप विकणं बंद झालं. तेव्हा पुन्हा पुन्हा लिक्विड भरता येणारी छोटी व्हेप, म्हणजे पॉड घेतली आणि लिक्विड घरीच करायला लागलो. 100 मिलीचं माप असं:

स्ट्रॉबेरी 6 टक्के, कस्टर्ड 4, क्रीम 2, स्वीटनर 1. दोन निक शॉट, म्हणजे मिलीला 18 मिलिग्रॅम निकोटिनवाल्या छोट्या बाटल्या. बाकी व्हीजी आणि पीजी साधारण 70-30. (नवख्यांसाठी: व्हीजी म्हणजे ग्लिसरीन, पीजी म्हणजे प्रॉपिलिन ग्लायकॉल.)

केल्या दिवशी स्ट्रॉबेरी अशी की महाबळेश्वरच्या रस्त्यावर पाटीवाल्याजवळ गाडी थांबवल्यासारखं वाटावं. तीन आठवड्यांनी तीच बाटली नुसतं गोड दूध. दुसरा प्रयोग आंबा-वेलची. तो दहा दिवसांत ओल्या पुठ्ठ्यासारखा लागायला लागला.

केलेले उपाय: स्ट्रॉबेरी 10 टक्क्यांवर नेली, तर आणखी सपाट झाली. व्हिडिओत सांगतात तसं मुरवलं, म्हणजे दोन दिवस झाकण उघडं, मग गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली, मग बॉयलरच्या कपाटात पंधरा दिवस. बाटली नेहमीची, पिळायची मऊ प्लॅस्टिकची. फ्लेवर जिथून घेतला त्या दुकानाला मेल केली, उत्तर आलं, 'नीट हलवा'. हात दुखेपर्यंत हलवतोय.

फ्लेवर भेसळीचा, माझी रीत चुकीची, की जिभेचंच काही झालंय?

— लेस्टरकर

---

सांजवात: दिवसभर हे एकच ओढता का?

लेस्टरकर: हो. सकाळच्या चहापासून रात्री झोपेपर्यंत.

सांजवात: मग निम्मं उत्तर तिथेच आहे. फोडणीचा वास दारात आलेल्या पाहुण्याला आधी येतो, ओट्याशी अर्धा तास उभं असलेल्याला नाही. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला बराचसा भाग नाकाचा असतो आणि नाक एका वासाला फार लवकर सरावतं. इंग्रजीत व्हेपवाले याला 'व्हेपर्स टंग' म्हणतात, पण बिचाऱ्या जिभेचा त्यात फारसा हात नाही. दोन दिवस दुसरंच काहीतरी ओढून बघा, पुदिना वगैरे. आणि पाणी जास्त प्या, पीजी-व्हीजीने तोंड कोरडं पडतं.

हॅरोची माहेरवाशीण: कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, कधी बदलली होती? स्वीटनर 1 टक्का म्हणजे भरपूर झाला. त्यातला सुक्रालोज तापून कॉइलवर काळा थर धरतो, खिरीच्या पातेल्याच्या बुडाला धरतो तसा. मग आत काहीही भरा, चव त्या करपटाचीच. तुमचा 'ओला पुठ्ठा' तिथला असेल. माझ्या नवऱ्याने स्वीटनर बंद केल्यापासून त्याची कॉइल दुप्पट टिकते. (मी स्वतः ओढत नाही. घरात एकाने घातलेला धूर पुरतो.)

माटुंग्याचा जुना विद्यार्थी: लेस्टरकर, तुमचा तो 'मुरवण्याचा' परिच्छेद वाचून मी कपाळाला हात लावला.

लोणचं मुरतं कारण मीठमसाला फोडीच्या आत शिरायला वेळ लागतो. लिक्विडमध्ये फोड कुठे आहे? घट्ट ग्लिसरीनमध्ये सगळं एकजीव व्हायला थोडा वेळ जातो, आणि तुमच्यासारखं हात दुखेपर्यंत हलवलं तर तोही लागत नाही. त्यापुढे जे घडतं ते रसायन. कस्टर्डमधलं व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य, हे अल्डिहाइड जातीचं. ते प्रॉपिलिन ग्लायकॉलबरोबर राहिलं की दोघांचं मिळून हळूहळू असिटल नावाचं वेगळंच संयुग बनतं. वासाची धार जाते, गोलाई येते. कस्टर्डला हे मानवतं, म्हणून जुनं कस्टर्ड लोकांना आवडतं. येल आणि ड्यूक विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2018 साली हे असिटल प्रकरण मांडलं होतं. त्यात असंही दिसलं की श्वासमार्गातल्या जळजळ ओळखणाऱ्या ग्राहींना ही असिटलं मूळ फ्लेवरपेक्षा जास्त चेतवतात. तेव्हा मुरलेलं म्हणजे सौम्य, असं धरून चालू नका.

स्ट्रॉबेरीची जातच वेगळी. तिचा ताजा, फळाचा वास देतात ती इथाइल ब्युटिरेटसारखी हलकी एस्टरं. ती उडायला टपलेलीच असतात. त्यात तुम्ही झाकण उघडं ठेवून बाटली गरम पाण्यात बसवलीत! त्या दिवशी घरभर सुरेख वास सुटला असेल ना? तो बाटलीतून गेला, परत यायचा नाही. व्हॅनिलिन जड, ते बसून राहिलं. म्हणून गोड दूध.

10 टक्क्यांनी का बिघडलं: गोडसर फ्लेवरांत बहुधा इथाइल माल्टॉल असतं, मेळ्यातल्या म्हातारीच्या केसांचा वास येतो ना, तेच. थोडं असेल तर फळाला उठाव देतं, फार झालं की सगळ्यावर पांघरूण घालतं. तुम्ही स्ट्रॉबेरीबरोबर पांघरूणही वाढवलंत. ग्लिसरीन 70 टक्के असल्यानेही चव दबते, 50-50 करून पाहा. पण तुमच्या पॉडला ते पातळ पडून गळत नाही ना, ते आधी बघा.

बाटलीचं म्हणाल तर मऊ पॉलिथिन संत्र्याच्या रसातलं लिमोनिन शोषून घेतं, पॅकिंगच्या धंद्यातलं हे जुनं दुखणं आहे. लिमोनिन हे टर्पीन, आणि आंब्याच्या वासातही टर्पीनं असतात, त्यामुळे तुमचा आंबा प्लॅस्टिकने खाल्ला असावा. तपकिरी काचेची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, थंड आणि अंधारी जागा. बॉयलरचं कपाट नव्हे! उष्णता, उजेड आणि हवेने निकोटिनही खराब होतं, रंग तपकिरी होत जातो तो त्याचाच.

एक शंका. वेलची कुठली घातलीत?

लेस्टरकर: आईने दिलेलं मिठाईचं इसेन्स. चार थेंब.

माटुंग्याचा जुना विद्यार्थी: ती आंबा-वेलचीची बाटली आज सिंकमध्ये ओता. खाण्याची काही इसेन्सं तेलात केलेली असतात, आणि तेल फुफ्फुसात गेलं की त्याचा न्यूमोनिया होऊ शकतो. पोटाला चालतं ते छातीला चालतंच असं नाही. लोण्याचा वास देणारं डायअसिटिल खाण्यात बिनधास्त वापरतात, पण अमेरिकेत मिसूरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांची फुफ्फुसं त्याच्या वाफेने कायमची बिघडली. 2000 सालचं हे प्रकरण. तुमच्या कस्टर्डमध्ये ते नाही ना, हे विकणाऱ्याला लेखी विचारा.

निव्वळ वाचक: भारतातून वाचणाऱ्यांसाठी: 2019 च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगरेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं सगळं बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; नुसतं साठवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लेस्टरकर, गणपतीला याल तेव्हा हा संसार तिकडेच ठेवा.

लेस्टरकर: सर्वांचे आभार. चार आठवडे गायब होतो कारण प्रयोग चालू होता. (वेलचीवाला आंबा त्याच दिवशी ओतला. आईला सांगितलं, संपला.)

स्ट्रॉबेरी आणि आंबा, दोन्ही नव्याने केले. वेलची नाही, स्वीटनर नाही, झाकण घट्ट. प्रत्येकाचा निम्मा भाग काचेत, निम्मा त्याच मऊ प्लॅस्टिकमध्ये, सगळं तळघरात. स्ट्रॉबेरीची जुनी, 'मुरवलेली' बाटली होतीच. तीन आठवड्यांनी झाकणांवर फक्त आकडे घालून बायकोसमोर नुसत्या वासासाठी ठेवल्या. ती ओढत नाही, त्यामुळे तिचं नाक कोरं.

स्ट्रॉबेरी: जुनी बाटली तिने झाकण उघडताच बाजूला सारली, 'ही शिळी'. काच आणि प्लॅस्टिक दोन्ही चांगल्या, पण पहिल्या दिवसाइतक्या नाहीत म्हणाली. आंबा: काच आणि प्लॅस्टिक यांत तिला काडीचा फरक कळला नाही. दोन्हीला छान आंब्याचा वास! मग मी नवी कॉइल घालून, दोन दिवस पुदिन्यावर काढून प्लॅस्टिकमधलाच आंबा ओढला. पुठ्ठा गायब.

म्हणजे स्ट्रॉबेरी खरंच गेली होती, आणि ती मीच घालवली. आंबा बहुतेक कुठेच गेला नव्हता, कॉइल आणि माझं नाक यांनी मिळून फसवलं.

माटुंग्याचा जुना विद्यार्थी: आंब्याबाबत माझा तर्क फसला, मान्य. तीन आठवडे प्लॅस्टिकला पुरले नसतील, किंवा तुमच्या फ्लेवरमध्ये टर्पीनं कमी असतील. कॉइल जिंकली, माहेरवाशिणीला चहा पाजा.

लेस्टरकर: पाजतो. आता शेवटचं: कस्टर्ड महिनाभराने सुधारतं आणि स्ट्रॉबेरी तोवर उतरते. दोघांना एका बाटलीत कसं नांदवायचं?

हॅरोची माहेरवाशीण: नांदवू नका. कस्टर्ड-क्रीम आधी करून ठेवा, स्ट्रॉबेरी लागेल तेव्हा. वरून फोडणी देतो तशी.

माटुंग्याचा जुना विद्यार्थी: बरोबर. फक्त फ्लेवर थेट टँकमध्ये, म्हणजे व्हेपच्या लिक्विडच्या टाकीत टाकू नका, काही फ्लेवर पातळ न करता कच्चे पडले तर प्लॅस्टिकच्या टँकला तडे जातात. 10 मिलीच्या छोट्या बाटलीत 9.4 मिली तयार कस्टर्ड-क्रीमचं लिक्विड, 0.6 मिली स्ट्रॉबेरी फ्लेवर, आठवड्यात संपेल एवढंच. निक शॉट हाताळताना हातमोजे घाला, आणि घरात पोरं असतील तर कपाटाला कुलूप.

लेस्टरकर: पोरगी तीन वर्षांची आहे. कुलूप आजच आणतो.