शब्दचर्चा: ‘कनेक्शन पाईप’ला जोडनळी म्हणावं का?

उंबरठा: घरदुरुस्तीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. बेसिनखाली अँगल कॉकपासून (भिंतीतून येणारं पाणी बंद करायचा छोटा कॉक) नळापर्यंत जाते ती हातभर लवचीक नळी, तिला ‘कनेक्शन पाईप’ सोडून काय म्हणता येईल? ‘नळजोडणी’ चालेल?

चार सूत: नळजोडणी नको. तो शब्द नगरपालिकेने कधीच उचललाय. अर्ज, अनामत, मीटर, पाणीपट्टी, सगळं नळजोडणीचं. उलटवून ‘जोडनळी’ केलंत तर पुस्तिकेत शोभेल. दुकानात मात्र नुसतं ‘कनेक्शन’ म्हणतात: ‘अठराचं कनेक्शन द्या, दोन्हीकडे अर्धा.’ अठरा ही लांबी, इंचांत. १२, १८, २४, ३६ सहज मिळतात. अंतर मोजून वर दोन-तीन इंच ढिलाई धरा. ताणून बसवलेली नळी नटाच्या मानेशी फुटते, फार लांब घेतली तर मुडपते आणि धार बारीक होते.

तो ‘अर्धा’ मात्र टेपने मोजायला जाऊ नका. अर्ध्या इंची आट्यांचा (नट ज्यांवर फिरतो त्या खाचांचा) बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो. ते बघून लोक पाऊण इंच मागतात आणि परत करायला येतात. खरे पाऊण इंची आटे २६ मिलिमीटरच्या पुढे असतात, वॉशिंग मशीनच्या पाठीमागे असतात ते. अर्धा हे पाईपच्या पोटाचं जुनं माप आहे, आट्यांचं नव्हे.

उंबरठा: आटे लिहू की पेच?

पाण्याची वेळ: आटेच. पेच म्हटलं की स्क्रू नाहीतर पतंग आठवतो. हिंदीभाषक प्लंबर ‘चूडी’ म्हणेल. ‘आटे गेले’ म्हणजे झिजले, नट नुसताच फिरतो. ‘आटे तिरके चढले’ हे वेगळं: फ्लश टाकीच्या प्लास्टिक आट्यांवर पितळी नट वाकडा घातला की असं होतं. नट आधी उलटा फिरवावा. टक् करून बसल्याचं बोटांना कळतं, तिथून सुलटा. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव फेरा, बस. तेवढ्यात नळीला पीळ पडू नये म्हणून ती दुसऱ्या हाताने धरायची.

चार सूत: पुस्तिकेत एक चूक हमखास असेल, ती बघा: कनेक्शनच्या नटात टेफ्लॉन टेप. तिथे पाणी वॉशर अडवतो (बोलीत वायसर), आटे फक्त त्याला दाबून धरतात. टेप लागतो तो अँगल कॉक भिंतीत जातो तिथे. आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे. उलटे वेढे कॉक बसवताना सुटून गोळा होतात. जुने मिस्त्री तिथे दोरा आणि सफेदा (पांढरा रंगलेप) वापरत.

उंबरठा: पाणी बाहेर येण्याला मूळ मजकुरात सगळीकडे एकच क्रियापद आहे. मी सरसकट ‘गळणे’ लिहिलंय.

पाण्याची वेळ: अहो, इथेच तर मराठी कामाची! ‘नळ ठिबकतो’ म्हटलं की ऐकणारा समजतो, बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडतायत, म्हणजे आतला स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा दांडा) किंवा त्याचं रबर बघायचं. ‘सांधा पाझरतो’ म्हणजे नट नेहमी ओला. वॉशर चिरलाय किंवा टेप कमी पडलाय. ‘भिंतीत झिरपतं’ म्हणजे आतली लाईन, फोडाफोड आली. ‘पिचकारी मारतंय’ म्हणजे नळीलाच भोक. आधी अँगल कॉक बंद, मग नवी नळी. वर टेप गुंडाळून काही होत नाही. नेमकं कुठून ते कळेना, तर सगळं कोरडं पुसा आणि टिश्यू पेपर वरून खाली लावत या. पाणी ओघळून खालच्या नटावर जमतं आणि आळ त्या बिचाऱ्या नटावर येतो.

गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकला तर मात्र यातला कुठलाच अर्थ लावू नका. पाणी तापताना फुगतं, तेव्हा चार थेंब टाकणं हे त्याचं कामच आहे. गिझर बंद असतानाही दिवसभर ठिबकला तर मात्र पाण्याचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह बिघडलाय.

सातासमुद्रा: अमेरिकेतल्या वाचकांसाठी तळटीप द्या. इथे अँगल कॉकचं टोक बहुधा ३/८ इंचाचं, फ्लश टाकीचं ७/८. दोन टोकं दोन मापांची, त्यामुळे ‘दोन्हीकडे अर्धा’ इथे लागू नाही. भारतातून नेलेलं कनेक्शन इथे बसत नाही.

उंबरठा: देते. स्टीलची जाळी विणलेल्या नळीला ‘वेणीदार’ म्हटलं तर?

चार सूत: गोड आहे, पण ‘स्टीलच्या जाळीची’ लिहा. जाळी म्हणजे स्वतंत्र पाईप नव्हे हेही लिहा. पाणी आतल्या रबरातून जातं, जाळी त्याला फुगू देत नाही. गिझरला हीच घ्यावी, साधी पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडते. बेसिनखाली संडासच्या ॲसिडची बाटली ठेवलेली असेल तर तिच्या वाफेने जाळीच्या तारा गंजून एकेक तुटतात. आत नळीला फुगवटा दिसला की त्याच दिवशी बदलायची.

पाण्याची वेळ: त्या फुगवट्याला आमच्याकडे ‘नळीला फोड आला’ म्हणतात. तेही घ्या.