मदत हवी आहे: लेकाला मित्राकडे रात्री राहायला पाठवू का? आजच सांगा

दमलेली_आई: उद्या लेकाच्या मित्राचा वाढदिवस. चौघं पोरं रात्री तिथेच झोपणार. मित्र कासारवडवलीला, आम्ही नौपाड्यात. आठवडाभर हट्ट चाललाय, नवरा म्हणतो "तू बघ". संध्याकाळपर्यंत कळवायचंय. काय करू?

नेरूळचा_नाना: वय काय? त्या घरच्यांना ओळखता का?

जुना_ठाणेकर: आम्ही सुट्टीत महिना महिना मामाकडे पडीक असायचो. एका रात्रीचं काय घेऊन बसलात!

रिमझिम: मामा घरचा हो. इथे घरात कोण येतं-जातं, काय माहीत? आमच्याकडे नियम एकच, रात्री आपल्याच घरी.

माजिवडा_जाम: रात्री आणायला जायचं झालं तर घोडबंदर रोडला अडकाल, सांगून ठेवतो.

दमलेली_आई: वय नऊ. घरचे ओळखीचे आहेत, तो प्रश्नच नाही. अजून महिन्यातून एक-दोनदा अंथरूण ओलं होतं. पोरांना कळलं तर चिडवतील.

नेरूळचा_नाना: अहो ताई, हे आधी सांगायचं ना!

रिमझिम: रोज रात्री तिळाचा लाडू द्या. माझ्या भाच्याचं महिन्याभरात थांबलं.

सीवूड्स_आई: वाढदिवस उद्या आहे, महिन्याभराने नाही! माझ्याही मुलाला होतं. वयाच्या पाचनंतरही बऱ्याच मुलांना असतं, मुद्दाम करत नाहीत. डॉक्टरांनी अशा रात्रींसाठी डेस्मोप्रेसिनची गोळी (रात्री लघवी कमी तयार होते त्याने) दिली होती. पण मनाने देऊ नका, ती घेतल्यावर रात्री पाणी जपून प्यावं लागतं आणि आधी घरी देऊन बघतात. उद्यासाठी उशीर झालाय. मी पहिल्या वेळी मित्राच्या आईला एकटीला फोन केला होता. जेवणानंतर कोल्ड्रिंक नाही, झोपताना दोनदा शू, पिशवीत जास्तीची पँट आणि झोपायची ड्रायपँट, म्हणजे डायपरसारखी ओल शोषणारी चड्डी. ती बाथरूममध्येच घालायची, कोणाला दिसत नाही. फक्त फोनआधी मुलाला विचारा, नाहीतर त्याला वाटतं आईने गावभर केलं.

रिमझिम: तिळाला नावं ठेवू नका, आजीचं औषध आहे.

जुना_ठाणेकर: भेट काय देताय? रिमोटची गाडी नको, दोन दिवसांत मोडते.

दमलेली_आई: विचारलं त्याला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकूंना सांग, काकांना नको." करते फोन.

माजिवडा_जाम: आणि उद्या चारलाच निघा.