मकरेकर: चिखलफेक, उकिरडा की कुलंगडी?

धागाकर्ती:
विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेवरची एक लेखमाला मराठीत आणते आहे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या काळातली मासिकं, त्यांनी बाहेर काढलेली प्रकरणं, त्यातून झालेले कायदे. गाडी अडली आहे 'मकरेकर' (muckraker) या शब्दापाशी, म्हणजे ही प्रकरणं बाहेर काढणाऱ्या पत्रकारांना पडलेल्या नावापाशी. 'शोधपत्रकार' लिहून मोकळी झाले होते, पण पुढे वाक्य आलं की त्यांच्यातल्याच एक, इडा टार्बेल, यांना हे नाव आवडत नसे. शोधपत्रकार म्हटल्यावर कुणाला राग का यावा? दुसरं काही सुचतंय का?

प्रतिसाद १:
'चिखलफेक करणारे'. रुळलेला शब्द आहे, विचार कसला करताय?

प्रतिसाद २:
चिखलफेक अजिबात नको. तिथे आरोप खरा असण्याची गरजच नसते, समोरचा बरबटला की काम झालं. टार्बेलबाई म्हणजे रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीची जुनी कागदपत्रं आणि साक्षी वाचत बसलेल्या बाई. १९०२च्या नोव्हेंबरपासून 'मॅक्ल्युअर्स' मासिकात त्यांनी जे छापलं त्यातला एकच तपशील सांगतो. १८७२ साली रेल्वे कंपन्या आणि रॉकफेलरचा गट यांच्यात एक गुप्त करार ठरला होता. गटाच्या तेलाला रेल्वेभाड्यात वटाव मिळणार, हे एक वेळ समजू शकतं. पण प्रतिस्पर्ध्यानं पाठवलेल्या प्रत्येक पिंपामागेही काही रक्कम या गटालाच मिळणार होती! म्हणजे माल तुमचा, भाडं तुमचं आणि दलाली तुमच्या वैऱ्याला. ओरड झाल्यावर तो करार बारगळला. टार्बेलबाईंचे वडील पेनसिल्व्हेनियात तेलाच्याच धंद्यात होते, तेव्हा ही झळ त्यांनी घरात पाहिलेली. याला चिखलफेक म्हणणं अन्याय आहे.

आता शब्दाचं मूळ. 'मक' म्हणजे शेण, उकिरड्यावरची घाण. 'रेक' म्हणजे दंताळं. १४ एप्रिल १९०६ रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या कचेऱ्यांच्या इमारतीची कोनशिला बसवताना रूझवेल्टनं भाषणात इंग्रज लेखक जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' या रूपककथेतला एक माणूस उभा केला. हातात दंताळं, नजर कायम खाली. डोक्यावर कुणी स्वर्गीय मुकुट धरलाय, पण हा मान वर करून बघत नाही, केरच ओढत बसतो. हीच ती कथा जी हरि केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणली.

गंमत अशी की बन्यनचा तो माणूस पत्रकार नव्हेच. तो पैशाअडक्यात रुतलेला संसारी जीव. त्या हिशेबानं दंताळं रॉकफेलरच्या हातात जास्त शोभलं असतं! रूझवेल्टनं ते लेखकांच्या हातात दिलं, कारण वृत्तपत्रांचा बडा मालक हर्स्ट याच्या मासिकात डेव्हिड ग्रॅहम फिलिप्सनं सिनेटरांवर झोड उठवली होती आणि त्यात रूझवेल्टच्या पक्षाचेच लोक सापडत होते.

प्रतिसाद ३:
म्हणजे सरळ 'उकिरडे फुंकणारे' लिहा की.

प्रतिसाद २:
त्यात हेटाळणी येते, उपयोग येत नाही. उकिरडा फुंकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. यांच्या हाती लागलं. आणि रूझवेल्टही सरसकट शिव्या देत नव्हता. अशा माणसांची समाजाला गरज असते, फक्त कुठे थांबायचं ते त्यांना कळलं पाहिजे, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी ३० जूनला मांसतपासणीच्या आणि अन्न-औषध शुद्धतेच्या कायद्यांवर त्यानंच सही केली. शिकागोच्या कत्तलखान्यांवरची अप्टन सिंक्लेरची कादंबरी तेव्हा गाजत होती. सिंक्लेरला खरं तर कामगारांचे हाल दाखवायचे होते. तो पुढे म्हणालाच, नेम धरला लोकांच्या काळजावर आणि लागला पोटात.

माझं मत: 'कुलंगडी काढणारे'. कुलंगडं खरं असतं, कुणीतरी दडवलेलं असतं आणि ते काढणारा माणूस कुणाला फारसा आवडत नाही. तिन्ही गोष्टी आल्या.

धागाकर्ती:
कुलंगडी! हे आवडलं. पहिल्यांदा 'मकरेकर, म्हणजे कुलंगडी काढणारे' असं लिहीन, पुढे नुसतं मकरेकर.
आता 'ट्रस्ट'. 'अँटी-ट्रस्ट' कायद्याला 'न्यासविरोधी कायदा' लिहिलं तर वाचक म्हणेल देवस्थानावर कारवाई झाली.

प्रतिसाद ४:
अहो, मूळ तेच आहे पण. १८८२ मध्ये स्टँडर्ड ऑइलच्या भागधारकांनी आपापले शेअर नऊ विश्वस्तांच्या हवाली केले. कायद्याच्या भाषेत तो ट्रस्टच होता, देवाऐवजी तेल इतकाच फरक. पुढे कुठल्याही अजस्र मक्तेदार कंपनीला ट्रस्ट म्हणू लागले. १८९०चा शर्मन कायदा 'मक्तेदारीविरोधी' म्हणा, त्याच कायद्याखाली १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे झाले. विश्वस्तांची गोष्ट मात्र एका वाक्यात सांगाच, नाहीतर ट्रस्ट हे नाव कुठून आलं ते कळणार नाही.

प्रतिसाद ३:
आणि त्या काळच्या सुधारणा चळवळीचं नाव 'प्रोग्रेसिव्ह', त्याला पुरोगामी लिहू नका. आपल्याकडे पुरोगामी म्हटलं की फुले-शाहू-आंबेडकर डोळ्यांसमोर येतात. तिकडे स्वतःला प्रोग्रेसिव्ह म्हणवणाऱ्या राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या सरकारनं १९१३ पासून सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांची टेबलं वेगळी केली. इंडियानात १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला, तोही सुधारणेच्याच नावाखाली.

प्रतिसाद ४:
पण १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्याकडे शिकले ते प्राध्यापक ड्यूई, सेलिग्मनही त्याच वर्तुळातले. मग त्यांना काय म्हणायचं?

प्रतिसाद २:
'प्रागतिक' घ्या. जुन्या लोकांना नेमस्तांचा पक्ष आठवेल, पण ते चालेल. सरकारनं लक्ष घालावं, तज्ज्ञांना विचारावं, कायद्यानं हळूहळू दुरुस्ती व्हावी, हा स्वभाव काही फार लांबचा नाही.

धागाकर्ती:
चळवळीला प्रागतिक, रूझवेल्टच्या १९१२च्या पक्षाला 'प्रोग्रेसिव्ह पार्टी' असंच ठेवते.

प्रतिसाद १:
त्या पक्षाला 'बुल मूस' म्हणत. त्याचं काय करणार, नर सांबर?

धागाकर्ती:
बुल मूसच राहू दे. सांबर आलं की वाचक इडली शोधेल.