गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेच का?

महाबळेश्वरला जांभळीच्या खोडावर तळहाताएवढं राखाडी दगडफूल दिसलं. खालून काळं, कडेला तपकिरी. आईच्या मसाल्याच्या डब्यातलं हेच का?

↳ भिंगातून कड बघा. पापण्यांसारखे काळे केस आणि पिठासारखी भुकटी असेल तर दगडफुलाची पार्मोट्रेमा पर्लाटम ही जात. केस नसून वर बारीक दाणे असतील तर तिची बहीण, पार्मोट्रेमा टिंक्टोरम.

↳ केस नाहीत. बोट फिरवलं तर खरखरीत, मांजराच्या जिभेसारखं!

↳ मग टिंक्टोरमच. नखाएवढा तुकडा खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर कपड्यांच्या ब्लीचचा थेंब टाका, लाल होईल. अख्खं मात्र उपटू नका, फार सावकाश वाढतं. आणि डब्याचं म्हणाल, तर बाजारच्या पुडीत दोन्ही सापडतात. मी एकदा निवडत बसलो, बायको म्हणाली, “आधी भाजायला द्या.”