रुग्णालयाच्या प्रशासकांचा निवृत्ती-सत्कार : थैली, मानपत्र, जागा (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

गावकुस
तालुक्याच्या गावातलं ट्रस्टचं रुग्णालय, 60 खाटा. प्रशासक 32 वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होताहेत. गाववर्गणीतून 2 लाखांची थैली, मानपत्र, 32 पानी गौरव अंक आणि रुग्णालयाच्याच आवारात संध्याकाळी कार्यक्रम, असा बेत आहे. हातात दीड महिना. वर्गणीच्या पावत्या ट्रस्टच्या पुस्तकावर फाडल्या तर चालतील का? आणखी कुठे घोळ होतो?

खतावणी
थैलीसाठी ट्रस्टच्या पावतीपुस्तकाला हात लावू नका. त्यावर फाडलेली पावती म्हणजे ट्रस्टला देणगी. तोच पैसा पुढे एका व्यक्तीच्या हातात दिला की लेखापरीक्षणात शेरा पक्का, शिवाय देणगीदाराला 80जीचा, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचा, दाखला चुकीचा जातो. दुसरं, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली पैशाची भेट 50,000 च्या वर गेली की वरची नव्हे, सगळीच रक्कम करपात्र. म्हणजे 2 लाखांच्या थैलीवर सत्कारमूर्तींनाच कर भरावा लागेल.

सरळ वाट अशी: त्यांच्या नावाने ट्रस्टमध्ये रुग्णसाहाय्य निधी. आधी विश्वस्तांचा ठराव, मग पावत्या. रक्कम कायम निधीसाठी (मुद्दल तसंच ठेवून व्याज खर्चायचं) असेल तर तसं देणगीदाराकडून लेखी घ्या, नाहीतर ती साधी देणगी धरली जाते. रोख 2,000 च्या वर असेल तर 80जी नाही; चेक किंवा ऑनलाइन घ्या. समितीने स्वतःच्या पावत्या छापून रुग्णांसाठी पैसे गोळा करायचे ठरवलं, तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते.

तरी हिशेब मांडून बघा. 2 लाख 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 14,000, महिन्याला जेमतेम 1,166. एवढ्यासाठी ‘कायम’ निधी कशाला? तीन वर्षांत खर्चून टाका, एकाच कामाला. आणि कार्यक्रमाचा खर्च निर्धन रुग्ण निधीत (त्याच कायद्याचं कलम 41कक) चुकूनही टाकू नका. तो निधी रुग्णांच्या बिलांसाठीच आहे.

उपदान
मंडपाआधी ग्रॅच्युइटी बघा. शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं, भागिले 26. वेतन 40,000 धरलं तर 32 वर्षांचे 7,38,461 रुपये होतात. देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. इकडे शाल पांघरायची आणि तिकडे फाइल विश्वस्तांच्या सहीसाठी पडून, हे फार ठिकाणी होतं. शिल्लक रजेचे पैसेही त्यातच अडकतात.

फर्मा-पिन
32 पानं ठीक, 16-16 चे दोन फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं), मधोमध पिन. 34 केलीत तर 36 करावी लागतील, पानं चारच्या पटीत जातात. जुने फोटो मोबाइलने टिपू नका, 300 डीपीआयला स्कॅन करा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर चेहरे पुसट छापून येतात.

मानपत्र ए-3 वर, चारही बाजूंना इंचभर कोरी जागा. फ्रेमची पट्टी कडा खाते. मजकूर युनिकोडमधून छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये नेला की रफार आणि वेलांट्या उडतात: ‘कार्य’, ‘कीर्ती’, ‘आदरणीय’ हे तीन शब्द प्रूफमध्ये हमखास तपासा. शेवटची फाइल कर्व्ह करूनच (अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून) द्या.

मजकूर 250 शब्दांपलीकडे नको, वाचायला सव्वादोन मिनिटं लागतात. ‘सेवाव्रती, कर्मयोगी’ ही विशेषणं कुणालाही चिकटतात. पुण्याच्या डॉ. बानू कोयाजींचं काम एका ओळीत सांगता येतं: 40 खाटांचं पुण्याचं केईएम रुग्णालय पाचशेच्या वर खाटांचं झालं. त्यांना 1993 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तसंच तुमच्याकडे शोधा: रात्रीची औषधखिडकी कोणत्या साली सुरू झाली, रक्तसाठा कधी आला. साल वार्षिक अहवालातून आणि सभेच्या इतिवृत्तातून घ्या, आठवणीवर भरवसा नको. आणि अंकात औषध-पुरवठादारांच्या जाहिराती घेऊ नका. खरेदीच्या फाइलींवर सही प्रशासकांचीच होती. बघणारा नको ते जोडतो.

शांतता क्षेत्र
रुग्णालयाभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र धरले जातात, आवारात लाउडस्पीकर लावता येत नाही. शाळेचं किंवा बाजार समितीचं सभागृह घ्या. संध्याकाळी 8 ला पाळी बदलत असेल तर कार्यक्रम 4 ते 6 ठेवा, नाहीतर परिचारिका आणि वॉर्डबॉय, ज्यांनी खरं यायला हवं, तेच येऊ शकत नाहीत. रात्रपाळीवाल्यांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातच चहा. बऱ्या झालेल्या रुग्णाला व्यासपीठावर बोलवायचं तर लेखी संमती हवी, आजाराचा उल्लेख नको.

गावकुस
थैली रद्द, निधीचा ठराव येत्या बैठकीत मांडतो. पद्म पुरस्कारासाठी त्यांची शिफारस करावी का, असंही काहीजण म्हणताहेत.

खतावणी
अर्ज फक्त ऑनलाइन, राष्ट्रीय पुरस्कारांच्या सरकारी पोर्टलवर. कार्याचा मजकूर 800 शब्दांत बसवावा लागतो. शिफारस कुणीही करू शकतं. मात्र सेवेतले सरकारी कर्मचारी डॉक्टर-शास्त्रज्ञ सोडून अपात्र. ट्रस्टच्या माणसाला ती अडचण नाही. व्यासपीठावर जाहीर मात्र करू नका.

उपदान
कुणी जिल्हा रुग्णालयासाठी हा धागा वाचत असेल तर: सरकारी नोकराला जाहीर मानपत्र स्वीकारायला पूर्वपरवानगी लागते. कार्यालयातला खासगी, अनौपचारिक निरोप चालतो.